फिरकीची अंगठी

माझ्या नाकातली चमकी काढायला फार वेळ लागला, त्या दिवसातलं तेवढंच मला नीट आठवतं. बाकीचं मी मुद्दाम विसरले आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. नवरा मुदतीच्या तापाने गेला. वर्ध्याला एका कचेरीत कारकून होता. ताप उतरेना म्हणून त्याला गावी, रोहण्याला नेलं, आणि तिथून तो परत आलाच नाही. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाया जमल्या, बांगड्या फुटल्या, गळ्यातलं निघालं. मग माझ्या चुलतसासू नाकाकडे वळल्या. चमकीला मागून फिरकी होती आणि ती लग्नापासून कधी सोडलीच नव्हती, त्यामुळे घट्ट बसली होती. चुलतसासूंनी एकदा जोरात ओढून पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेवढ्यात सासूबाईंनी त्यांचा हात धरला.

"तुम्ही राहू द्या. म्या घातली होती, मीच काढतो."

सासूला आमच्याकडे मामीजी म्हणायचे. मामीजींनी खोबरेल मागवलं, बोटाने नाकाला आतून-बाहेरून लावलं आणि ती फिरकी जरा जरा करत सोडवत बसल्या. त्यांचा मुलगा ओसरीवर निजवलेला, बाहेर तिरडी बांधणं चाललेलं, आणि ही बाई माझ्या नाकाशी खोळंबलेली. आतून दोनदा हाक आली, तरी त्या उठल्या नाहीत. मी मनात म्हटलं, हिला पोरापेक्षा चमकीतल्या आपल्या हिऱ्याची काळजी.

हिरा त्यांचाच होता. त्यांच्या माहेरहून आलेला, ज्वारीच्या दाण्याहून थोडा लहान, पण पाणीदार. सोन्याच्या इवल्याशा घरात तो बसवलेला होता आणि त्या घराखाली फिरकीचा दांडा. माझ्या लग्नात त्यांनी तो आपल्या नाकातून काढून माझ्या नाकात घातला आणि स्वतः सोन्याची साधी फुली घालू लागल्या. आमच्याकडे हिऱ्याला लोक फार भितात. नवा घेतला तर आधी काही दिवस उशाखाली ठेवून पाहायचा. स्वप्नं कशी पडतात, घरात कोणी आजारी पडतं का, दूध नासतं का, सगळ्यावर नजर ठेवायची. लाभला तर ठेवायचा, नाही तर सराफाला परत. हा हिरा मामीजींना सगळा संसारभर लाभला होता. माझ्या नाकात आला आणि हे असं झालं. तेव्हा हिरा लाभला नाही की मी लाभले नाही, यावर रोहण्याच्या बायांनी विहिरीवर आणि कापूस वेचताना पुष्कळ चर्चा केली, आणि बहुतेकींचं मत हिऱ्याच्या बाजूने पडलं.

पुढे काही महिन्यांनी मी वर्ध्याला परत आले. मॅट्रिक झालेली होते. मुलींच्या एका शाळेत खालच्या वर्गांना शिकवायचं आणि शाळेच्याच वसतिगृहात राहून मुलींवर लक्ष ठेवायचं, असं काम मिळालं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आडकाठी केली नाही. घरात एक पांढरं कपाळ कमी दिसलं तर त्यांनाही बरंच वाटत असावं. आमचा जिल्हा तेव्हा अजून मध्य प्रदेशात होता, शाळा तपासायला येणारे साहेब हिंदीत बोलत, आणि मी त्यांच्यापुढे मान खाली न घालता बोलायला शिकत होते. नाकाला मात्र सारखा हात जायचा. तिथे काही नाही, हे बोटाला रोज नव्याने कळायचं.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एका रविवारी सकाळी मामीजी वसतिगृहाच्या दारात उभ्या राहिल्या. एकट्या. रोहण्याहून छोट्या गाडीने पुलगाव आणि तिथून मोठ्या गाडीने वर्धा, असा प्रवास त्यांनी आयुष्यात एकटीने केला नव्हता.

"डोळे दाखवायले जातो म्हणून सांगून आली," त्या म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न पिता पदराची गाठ सोडू लागल्या. गाठीत सरकी काढलेल्या कापसाचा बोळा होता, बोळ्यात चमकी. "चाल सराफ्यात. याची अंगठी करू तुले."

"मले?"

"नाई तं मले? अंगठीले कोणी नाव ठेवत नाई. मास्तरणीच्या बोटात अंगठी असली तं पोरी ऐकतात."

मला आनंद झाला नाही. धाकट्या दिराचं लग्न त्या उन्हाळ्यात ठरलं होतं, हे मला कळलं होतं. घरातली चमकी नव्या सुनेच्या नाकात जायची, हे तर लहान पोरालाही कळेल. ती तिकडे न जाता इकडे येत होती, त्याचा अर्थ एकच. न लाभलेला हिरा नव्या नवरीला कोण घालणार? म्हणजे जे कोणाच्या नाकाला नको, ते माझ्या बोटाला. विधवेचं आणखी काय वाईट व्हायचं राहिलंय!

आणि तरीही मला तो हवा होता. हे सांगायला मला लाज वाटत नाही. लग्न झाल्यापासून सकाळी आरशात मी आधी तो हिरा पाहायची आणि मग स्वतःला. त्या तीन वर्षांचं माझ्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. मला फक्त एवढंच कळून घ्यायचं होतं की तो मला माझा म्हणून मिळतोय की टाकलेला म्हणून. पण असं सासूला कोण विचारतं? मी चपला घातल्या आणि निघाले.

पहिलं दुकान मोठं होतं. पांढरी गादी, लोड, काचेची कपाटं. हिरा आणि अंगठी म्हटल्यावर सेठजींनी लगेच चौकोनी, बदामी, फुलाच्या अशा अंगठ्या काढून मांडल्या आणि हसून विचारलं, "जावईबापूंसाठी ना?"

"माह्या पोरीसाठी," मामीजी म्हणाल्या.

सेठजींची नजर माझ्या कपाळावर गेली, तिथून नाकावर आली आणि सगळं समजल्यासारखी परत हिऱ्यावर गेली. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाहीत. मामीजींकडे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझं ऐका. हा खडा देऊन टाका. यांना लाभला नाही तो. बदल्यात दुसरा देतो, चांगला."

मामीजींनी चमकी त्यांच्या पुढ्यातून उचलली आणि सावकाश कापसात गुंडाळली.

"सेठजी, ताप हिऱ्यानं नाई आणला. ताप पाण्यातून आला, डाक्तरनं सांगतलं. अन् तुमच्याकडचे हिरे एवढे लाभणारे असते, तं ते तुमच्याकडे परत काऊन आले असते?"

गादीवर बसलेलं एक गिऱ्हाईक खुदकन हसलं. मला हसू आलं नाही, पण पायऱ्या उतरताना पाठ जरा ताठ झाली. इतक्या दिवसांत माझ्या बाजूने कोणी एवढं बोललं नव्हतं. माझ्या की हिऱ्याच्या, ते काही नक्की सांगता येत नव्हतं.

मागच्या गल्लीत एका सोनाराचं लहानसं दुकान होतं. पुढे बसायला सतरंजी, मागे शेगडी. तिथे नमुने वगैरे काही नव्हते. सोनाराने माझं बोट दोऱ्याने मापलं आणि कशी हवी ते विचारलं. मी सांगितलं, साधी करा, वर फुलं-पानं नकोत. खडूने हात भरतो, फळा पुसायचा असतो, काही अडकायला नको. खडा पक्का बसवा.

"पक्का नाई," मामीजी म्हणाल्या. "फिरकीचा. चमकी आहे तशीच राहू द्या. अंगठीले वरतून भोक करा अन् आत आटे पाडा. चमकी फिरवली का बसली पायजे, फिरवली का निघाली पायजे."

सोनाराने चष्म्यावरून पाहिलं. "मामी, बोट म्हणजे नाक नव्हे. हात दिवसभर चालतो. फिरकी ढिली होईन, खडा कुठं गळून पडन, मंग माह्या नावानं बोंब माराल. अंगठीत खडा कसा, चारी बाजूनं सोनं दाबून बसवायचा. मंग तो जन्मात निघत नाई."

"तेच नाई पायजे मले. निघाला पायजे. सोनाराकडे न जाता, घरच्या घरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता मला सगळं कळलं, असं वाटलं. नव्या सुनेचं वर्ष-दोन वर्षं नीट चाललं, एखादा मुलगा झाला, लोक विसरले, की यायचं आणि फिरवून घेऊन जायचं. तोवर हिरा माझ्या बोटावर उशाखाली ठेवल्यासारखा ठेवायचा. लाभतो का पाहायला. नाही तरी माझं आता काय बिघडणार होतं?

"परत नेता यावा म्हणून ना, मामीजी?" मी त्या परक्या माणसासमोर म्हटलं. आवाज चढलाच. "मंग देता कायले? तुमच्या पदरातच राहू द्या."

सोनाराने शेगडीकडे तोंड करून फुंकणी उचलली. मामीजी रागावल्या नाहीत.

"काढता यावा म्हणूनच," त्या म्हणाल्या. "करा तुम्ही, सोनारबुवा."

मग त्यांनी पदराची दुसरी गाठ सोडली. सोनं कुठलं घालायचं, हे मी विचारलंच नव्हतं. गाठीतून माझ्या नवऱ्याच्या लग्नातल्या सदऱ्याची बटणं निघाली, साखळीसकट. लग्नाच्या दिवशी त्यांतलं सगळ्यात वरचं लागत नव्हतं. गळा तंग झाला होता, आणि अंतरपाट निघाल्यावर तो आधी ते बटण चाचपत माझ्याकडे बघून हसला होता. सोनाराने साखळी बाजूला ठेवली आणि बटणं मुशीत टाकली. वरचं कोणतं, हे मला ओळखता येईना. थोड्या वेळाने ओळखण्यासारखं काही राहिलंच नाही. राग आणि रडू एकदमच आलं, आणि मी दोन्ही गिळलं.

उठून जावंसं वाटत होतं, पण जाता येत नव्हतं. सोनं एकदा मुशीत पडलं की दागिना पाण्यात विझेपर्यंत मालकाने समोर बसून राहायचं, ही आमच्याकडची रीत. सोनार त्याचा राग मानत नाही. उलट कोणी उठून गेलं तर त्यालाच अवघडल्यासारखं होतं. म्हणून आम्ही दोघी त्या सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसलो. दुपार झाली. सोनार कांब ठोकत होता, वाकवत होता, भोकात बारीक आटे पाडत होता, मध्येच चमकी लावून पाहत होता. मामीजींनी फडक्यातली भाकर काढली, तिळाची चटणी लावली आणि अर्धी माझ्या मांडीवर ठेवली.

"खाय. राग मंग कर."

मी खाल्ली नाही. त्यांनीही आपली अर्धी तशीच परत गुंडाळली.

अंगठी झाली तेव्हा ऊन कललं होतं. सोनाराने ती चिंचेच्या पाण्याने उजळून माझ्याकडे दिली. मी घेण्याआधीच मामीजींनी ती घेतली. डोळ्यांजवळ नेऊन चमकी फिरवली, काढली, परत बसवली, परत काढली. दाराशी जाऊन उजेडात आटे पाहिले. पोरीला देण्याआधी कुलूप तपासावं तसं चाललं होतं. मग स्वतःच्या हाताने त्यांनी ती माझ्या बोटात घातली. सुंदर होती. मला ते कबूल करायचं नव्हतं.

स्टेशन तिथून लांब नव्हतं. मी त्यांना सोडायला गेले, ते केवळ सोडलं नाही असं व्हायला नको म्हणून. बाहेर टांगे उभे राहायचे तिथे एक कडुनिंब होता. मामीजी त्याच्याखाली थांबल्या, हात वर करून त्यांनी एक कोवळी काडी मोडली, साल काढली, टोक दातांनी गुळगुळीत केलं आणि म्हणाल्या, "अठी ये. नाक पाहू."

मला काही समजेना. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"पाह्य, बुजत आलं भोक. आणखी एक पावसाळा गेला असता तं बंदच झालं असतं. रोज निजताना काडी घालत जाजो. निंबाचीच. सकाळी काढून टाकजो, म्हणजे कोणाले दिसत नाई."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? भोक बुजलं तं चमकी कुठी घालशीन?"

"मी? मी आता चमकी कशी घालीन, मामीजी?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टांगेवाले घोड्यांना कडबा टाकत होते, आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तरी त्यांनी आवाज लहान केला.

"आपल्या घराण्यात विधवेचा पाट लावत नाईत, तुले माईत आहे. तुह्या मामाजीसमोर असं बोलली तं ते मले घरातून काढतील. म्हणून अठी येऊन बोलून राह्यली. तू चोवीस वर्षांची नाईस अजून. कोणी भला माणूस भेटला तं लाजू नको, पोरी. अंगठी फिरवजो, चमकी काढजो अन् नाकात घालजो. सोनाराकडे जाऊ नको, त्याच्या तोंडातून गावभर होईन. अन् मले विचारत बसू नको. म्या हो म्हटलं आहे, आजच."

मी अंगठीवरच्या चमकीला बोट लावलं.

"अन् नव्या सुनेसाठी परत नेईन, असं वाटलं ना तुले? तिले तुह्या मामाजीनं नवी चमकी केली. थ्या दिवशी तुह्या चुलतसासूच्या हातात नाक राहू दिलं असतं, तं तिनं फाडलं असतं. फाटल्या नाकात काही घालता येते का?"

म्हणजे तेव्हापासून. मुलगा ओसरीवर असताना, खोबरेल लावत असताना, आतून हाका येत असताना. मी टांगेवाल्यांसमोर रस्त्यात रडले, आणि मामीजी माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणत राहिल्या की गाडी सुटून जाईल. मग मी ती दुपारची अर्धी भाकर त्यांच्याकडून मागून घेतली आणि फलाटावर बसून खाल्ली. त्यांनी त्यांची खाल्ली.

लग्नाचा विचार माझ्या मनात नव्हता, खरंच नव्हता. तरी काडी मी रोज घालत गेले. वसतिगृहातल्या मुलींनी एकदा पाहिली तेव्हा नाकाला फोड आलाय म्हणून सांगितलं. फोड फार दिवस टिकला.

दोन-तीन वर्षांनी तो भला माणूस भेटला. मुलांच्या शाळेत गणित शिकवत, त्यांचीही पहिली बायको गेलेली. कचेरीत जाऊन लग्नाच्या सह्या करायच्या होत्या. त्या सकाळी मी अंगठी फिरवली तर चमकी हलेना. इतक्या दिवसांत खडूची भुकटी आट्यांत बसली होती. खोबरेल लावलं, दोन बोटांत धरलं आणि जरा जरा करत सोडवली. नाकात घालताना थोडं टोचलं, पण गेली. अंगठी मी बोटातच ठेवली. तिच्यावर आता नुसतं भोक आहे, आणि बघणारा प्रत्येक जण विचारतो की खडा कुठे पडला.

रोहण्याला बातमी पोचायला वेळ लागला नाही. आमची सून आम्हाला मेली, असं मामाजींनी चारचौघांत सांगितलं. मामीजींचा काही निरोप आला नाही. येणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्यांना चमकी नाकात दिसायला हवी होती, आणि ते कसं व्हायचं, हे मला सुचत नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही ह्यांच्या नातलगांकडे आर्वीला निघालो. छोटी गाडी रोहण्याला थांबते, ठाऊक असून मी खिडकीशी बसले होते. फलाटावर मामाजी हमालाशी वाद घालत होते. त्यांच्यामागे, गाठोड्याजवळ, मामीजी. थकलेल्या दिसत होत्या. त्यांना ह्या गाडीने जायचं नव्हतं, पलीकडच्या गाडीची वाट पाहत असाव्यात. त्यांची नजर डब्यांवरून फिरत फिरत माझ्यावर आली आणि थांबली. डोळे खरंच अधू झाले होते की काय, त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं. मी पदर मागे सारला आणि तोंड उन्हाकडे वळवलं, त्यांनी निंबाखाली वळवलं होतं तसं.

मामाजी पाठमोरेच होते. मामीजींनी एक बोट आपल्या नाकावरच्या फुलीला लावलं आणि ते बराच वेळ तिथेच ठेवलं.

गाडी हलली. ह्यांनी विचारलं, "कोण त्या?"

"माझ्या सासूबाई," मी म्हटलं.

ते लगेच उठले आणि माझ्या डोक्यावरून खिडकीत वाकून त्यांनी हात जोडले. तोवर फलाट मागे पडला होता आणि कपाशीची शेतं सुरू झाली होती, तरी त्यांनी हात बराच वेळ खाली घेतले नाहीत.